मोगीबाईंचा शेवटचा नमुना

केतकी बेहेरेने सकाळची गोळी गिळली आणि तिखट मिसळीवर ताव मारला. सहा वर्षांपूर्वी तिला भाताची पेजही सोसत नसे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर उलटली होती. दिवसातून दहा-बारा वेळा रक्त पडायचं. गोळीतल्या एका जिवाणूने तो हल्ला थांबवला होता. पुढे त्याच जिवाणूवर ती संशोधन करू लागली. ‘शांतक’ हे नावही तिचंच.

प्रयोगशाळेत शांतक वाढे, पण पंधरवड्यात आपला गुण हरवून बसे. म्हणून ताजी विष्ठा लागायची, आणि तो सापडला होता एकाच माणसाच्या पोटात. धडगावकडच्या मोगीबाई वसावे आता केतकीच्या संशोधन संस्थेच्या अतिथिगृहातच राहत. चार हजार रुग्ण त्यांच्या जिवावर बरे होते.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मोगीबाई तापाने फणफणल्या. न्यूमोनिया होता. केतकी प्रतिजैविकाचं इंजेक्शन भरत असतानाच संचालक डॉ. होशिंग आत आले.

“थांब. याने शांतकही मरेल. आधी विष्ठेचा शेवटचा नमुना घे.”

“सर, त्यांना धाप लागलीय.”

“तासा-दोन तासांनी काय बिघडतंय? तुझ्याकडच्या गोळ्या किती दिवस पुरतील, केतकी?”

केतकीने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

आदले दोन दिवस मोगीबाईंच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. एनिमा देऊनही काही होईना. “पोरी, दवा दे ना,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. केतकी त्यांचा हात धरून “देते हं, थोडं थांबा” म्हणत राहिली. दुपारी दोन वाजता नमुना मिळाला. तो बर्फाच्या पेटीत गेला, मगच सुई टोचली गेली. तोवर रक्तदाब कोसळला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोगीबाई गेल्या. शेवटच्या नमुन्यातला शांतक तर ताप आणि उपासाने आधीच अर्धमेला झाला होता.

त्यांची मुलगी सुरमी आली. ती गावात आशा सेविका होती. होशिंगांनी हात जोडले, आणि लगेच संमतिपत्र पुढे केलं.

“आईचा जिवाणू तुमच्याही पोटात असू शकेल. लोकांचे प्राण वाचतील.”

सुरमीने कागद सावकाश, शेवटपर्यंत वाचला. सही न करताच तिने तो टेबलावर ठेवला आणि केतकीकडे वळली.

“मॅडम, आईला ताप किती वाजता आला? आणि पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलंत?”