माझीच मी सवत

जिन्यातल्या खिडकीच्या ओलसर काचेवर एक अनोळखी माणूस बोटानं ठिपके काढत उभा होता. बाहेर सकाळपासून पावसाची किरकिर चालली होती, माझी छत्री गळत होती, आणि मी तशीच पायरीवर थबकले... कारण ते ठिपके माझ्या ओळखीचे होते.

"वाट अडवली का?" तो बाजूला होत म्हणाला. "सॉरी. मी इथे नवा आहे. वर्षभराचा पाहुणा."

"इथल्या काचा रोज पुसतात. महत्त्वाचं असेल तर फळ्यावर लिहा," मी म्हणाले. पहिल्या भेटीत गोड बोलणं मला कधी जमलेलंच नाही.

तो हसला. हसताना त्याची मान किंचित डावीकडे कलते. गरज नसताना मी ते तेव्हाच टिपून ठेवलं.

गणितात त्याचं आणि माझं काम एकच, संख्यांच्या फोडी मोजणं, म्हणजे एखादी संख्या किती प्रकारांनी बेरजेत तोडता येते ते बघणं. पाच ही संख्या फक्त विषम तुकड्यांत तोडा, नाहीतर सगळे तुकडे वेगवेगळे ठेवून तोडा, दोन्हीकडे तीनच प्रकार निघतात. हे आकडेमोड करून सिद्ध होतंच, पण इकडच्या प्रत्येक फोडीला तिकडची नेमकी जोडीदार गाठून देण्यात मजा वेगळीच. थोडक्यात, आम्ही लग्नं जुळवतो, स्वतःची सोडून. पाहुण्यानं अशाच एका जुन्या आणि फार अवघड सूत्रासाठी जोड्या लावल्या होत्या. तो इथे यायच्या कितीतरी आधी त्याचा लेख जर्नलनं तपासायला माझ्याकडे पाठवला होता. लेखात एक भोक होतं. काही फोडी बिनजोडीच्याच राहत होत्या. मी बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी अहवालात लिहिलं, की फोडीतला प्रत्येक तुकडा ठिपक्यांची एक ओळ म्हणून मांडा, आणि उरलेल्यांच्या आडव्या ओळी उभ्या करा. त्यांनाही जोडीदार मिळतात. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू देत नाहीत. संपादकांना मी तसा शब्द दिला होता.

आणि आता तो मला माझाच अहवाल काचेवर समजावून सांगत होता.

"बघा, ही फोड बिचारी एकटीच राहत होती. मला दिसलंच नाही! आणि त्या परीक्षकानं... नुसतं आडव्याचं उभं केलं. कसलं डोकं असेल हो!"

"असेल बरं," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

त्याला माझ्या शेजारचीच खोली मिळाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. मी त्याची 'शेजारीण' झाले.

"शेजारीण, खडू आहे?"

"कालच तर दिला होता."

"संपला."

"खाल्लास काय?"

"यायला काहीतरी निमित्त लागतं ना..." तो दारालाच टेकून म्हणायचा आणि मी उगाचच कागद चाळायची.

एकदा माझ्या गालाकडे बघून त्यानं हात पुढे केला — आणि मागे घेतला. "खडू लागलाय," एवढंच म्हणाला. घरी पोचेपर्यंत मी तो पुसला नाही.

पण गाडी फिरून फिरून परीक्षकावरच यायची.

"त्या माणसाच्या प्रेमात पडलोय मी."

"म्हातारेबुवा निघाले तर?"

"पायांवर डोकं ठेवीन."

"आणि बाई निघाली तर?"

त्यानं चहाच्या कपात बघितलं. "मग अवघड आहे..."

मला त्या बाईचा जळजळीत मत्सर वाटला. स्वतःचीच सवत व्हायचं माझ्या नशिबी आलं होतं.

माझी ताई दातांची डॉक्टर. दुखतंय तिथेच नेमकं बोट ठेवायची तिला सवय. "सांगून टाक ना एकदाचं!" ती म्हणाली.

"शब्द दिलाय."

"शब्दाचं राहू दे. खरं काय ते बोल."

"कित्येक वर्षांत मला सुचलेली ती एकच चांगली गोष्ट आहे गं," मी म्हणाले. "ती ऐकून तो माझा झाला, आणि पुढे काही सुचलंच नाही तर? मला तो माझ्यासाठी हवाय."

ताईनं नेहमीसारखी थट्टा केली नाही. माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आमच्या धंद्यातल्या माणसांना एक खोड असते. अहवालाच्या भाषेवरून परीक्षक ओळखायचा. वर्ष संपत आलं तेव्हा पाहुणा धावतच माझ्या खोलीत आला. "सापडली!"

मी खुर्चीवरून उठलेच. त्यानं नाव घेतलं ते दूरदेशीच्या एका प्राध्यापिकेचं. त्या बाई म्हणे नेहमी ठिपके उभे करतात. यानं त्यांच्याकडे नोकरी मागितली होती, आणि ती मिळालीही होती.

"त्यांना विचारलंस?"

"असं कोणी विचारतं का? पण मला खात्री आहे." त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी त्याचं अभिनंदन करून टाकलं.

निघायच्या दिवशी त्याची रिकामी खोली बघवत नव्हती. दोघंही जिन्यात उभे राहिलो.

"जाऊ ना?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?"

"तूच सांग. एकदा थांब म्हणालीस, तर..."

माझ्या जिभेवर दोन वाक्यं होती. 'तो अहवाल माझा आहे' म्हटलं असतं तर तो पेटी तिथेच टाकून थांबला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दुसरं वाक्य बोलले.

"थांब."

त्यानं पेटी खाली ठेवली. मग त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार पडला होता.

"तू मला फार आवडतेस, शेजारीण. खोटं नाही सांगत. पण गेलो नाही, तर जन्मभर वाटत राहील की..."

"कळलं," मी म्हणाले. कळलं काहीच नव्हतं, नुसतं दुखत होतं.

बरेच दिवस गेले आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"अगं, तो अहवाल त्यांनी लिहिलेलाच नाही. आज धीर करून विचारलं. तो लेख त्यांच्याकडे आलाच नव्हता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. खिडकीवर पाऊस वाजत होता.

"इथे चहाला कोणी नाही गं," तो म्हणाला. मग सावरल्यासारखा हसला. "पण त्या परीक्षकाला मी शोधणारच."

"आणि सापडली तर?"

"तिथल्या तिथे लग्नाची मागणी घालीन!"

"मग नकोच सापडू दे," मी म्हणाले.

तो पुन्हा हसला. त्याला वाटलं, मी चिडवतेय.