नेमका काटा

"तीनदा तोललं, आत्या! तिन्ही वेळा तोच आकडा. साडेचारशे ग्रॅम कमी!"

सकाळी पाच किलो चांदी ओताऱ्याच्या हवाली केली होती. आटून तयार झालेली लगड आता काट्यावर पडून होती आणि कारखान्याच्या मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दारात कारागिरांची गर्दी. भट्टीपाशी उभं आयुष्य घालवलेला ओतारी मान खाली घालून उभा. आज चोर ठरला, तर उद्या कुठलीच भट्टी त्याला दारात उभं करणार नव्हती.

मालकाच्या आत्या वजनमाप खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. संशयाची खोड तेवढी सुटली नव्हती.

"आटणीत घट किती येते?"

"चिमूटभर, बाई. पोरांची शपथ, मी..."

"शपथा नकोत. काट्याला विचारू."

मालकाचे जावई हसले. "काटा चोख आहे. दुपारी मीच लावलाय, किलोचं वजन ठेवून."

"ते वजन कुठे असतं?"

"कपाटात. किल्ली माझ्याकडेच."

आत्यांनी वजन उचललं. बुडाला बोट चिकटलं. मेण! त्यांनी पिशवीतून स्वतःचं तपासलेलं किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं.

नऊशे दहा. पुन्हा ठेवलं. नऊशे दहाच.

मालक गोंधळला. "पण दरवेळी एकच आकडा येतोय, म्हणजे बरोबरच ना?"

"नाही रे. काटा नेमका आहे, अचूक नाही. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ रोज नेमकं तेवढंच मागे असतं. गाडी मात्र रोज चुकते."

"मग माझी चांदी?"

"समोर आहे. पुरती पाच किलो! काट्याला तुम्ही ज्याला किलो म्हणाल, त्याला तो किलो मानतो. वजनाच्या बुडाला मेणाने शिशाची चकती चिकटवून काटा लावला, मग चकती काढली. तेव्हापासून तो सगळंच कमी दाखवतोय. लगड रात्री कोणाकडे असते?"

"तिजोरीत. जावयांच्या ताब्यात."

"म्हणजे चोरी अजून व्हायचीच आहे. ओताऱ्याला हाकललं की रात्री साडेचारशे ग्रॅम कापायचे आणि काटा सरळ करून ठेवायचा. उद्या हवं तितकं तोला, आजचाच आकडा येणार."

जावई सासऱ्यांकडे वळले. "बाबा, घरातली गोष्ट घरातच राहू द्या. तुमच्या मुलीचा तरी विचार करा."

लेकीचा चेहरा मालकाच्या डोळ्यांसमोरून हलेना. तरी तो उठला आणि ओताऱ्याचा हात धरून त्याला सगळ्या कारागिरांपुढे घेऊन आला.

"ह्याने काही चोरलेलं नाही," तो म्हणाला. "चोर माझा जावई आहे."