तीन फितींचा शर्ट

जेवणं आटोपली, बाहेरचा दिवा मालवला, आणि भाचीचं लेकरू काही झोपायचं नाव घेईना. ती त्याला खांद्यावर टाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. नवरा आणि धाकटा दीर जमिनीवर आडवे. मामा खुर्चीत.

"घाबरणार नसाल तर एक सांगतो," मामा म्हणाले.

दीर म्हणाला, घाबरायला अंगात त्राण लागतं, ते या घरात कुणाकडेच उरलेलं नाही. मामांनी मान डोलावली. गोष्ट त्यांच्या ऑफिसातल्या बाईची होती, टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या. थाप मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती तिच्याकडे नाही, एवढं प्रशस्तिपत्र देऊन मामांनी सुरुवात केली.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, शेवटचा मंगळवार. बाई संध्याकाळी बाळाला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. बाळ पाच महिन्यांचं. जरा डोळा लागला की दचकून उठायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोपत जा. हा सल्ला तिला तोवर सासूपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी देऊन झाला होता. बाळ घटकाभर धरतो, असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. आई म्हणून आपण काठावर नापास आहोत, हे तिचं स्वतःचं मत होतंच.

परतताना तिला भंगारवाल्याकडून एक शर्ट उचलायचा होता. नवऱ्याला जुन्या फौजी शर्टांचा नाद. कपाटभर खाकी, डबेच्या डबे बिल्ले, फिती, बटणं. लोक लांबून फोटो पाठवून विचारत, आजोबांचा शर्ट कुठल्या पलटणीचा? हा बटणावरून, शिलाईवरून सांगायचा. फौजेत एक दिवसही गेलेला नव्हता, झुरळ मारायला बायकोला हाक मारायचा, म्हणून गल्लीत त्याला कर्नल म्हणत. त्याचा एकच कडक कायदा होता: कुठलाही शर्ट धुवायचा नाही. मळ हा पुरावा असतो म्हणे.

कर्नल त्या दिवशी परगावी होता, रात्रीच्या बसने निघणार होता. सकाळी त्याच्यासारखेच तिघे नादिष्ट शर्ट बघायला यायचे होते. म्हणून ती शर्ट घेऊन घरी येताच त्याने फोन केला. बाही दिव्याखाली धर आणि काय दिसतं सांग.

फोन मानेत दाबून तिने बाळ एका हातावर आणि बाही दुसऱ्या हातात धरली. उन्हाने कापड विटलं होतं. पण दंडावर तीन टोकदार पट्टे जुन्या रंगाचेच राहिले होते. तिथे कधीकाळी फिती होत्या, त्यांची ही सावली.

फिती ओरबाडल्यात का, त्याने विचारलं.

"नाही. एकेक टाका सोडवून काढल्यात. कापडाला ओरखडासुद्धा नाही."

मग शिक्षा झाली असणार, कर्नलने निदान केलं. हुद्दा गेला, फिती गेल्या. असा बोडका शर्ट चारचौघांत कसा मांडायचा? डब्यातल्या तीन फिती काढ आणि सावलीवर बरोब्बर शिवून टाक. या मंडळींत त्याला जोडकाम म्हणतात. दुसऱ्याने केलं तर नावं ठेवतात, स्वतः गुपचूप करतात.

"ज्याच्या काढल्या त्याला विचारल्याशिवाय लावायच्या?" ती सहज म्हणाली.

"तो कुठे बघायला येतोय," कर्नल म्हणाला.

एक पाय पाळण्याच्या दोरीत अडकवून तिने शिवायला घेतलं. फिती जरीच्या, जुन्या, ताठ. शिवताना दोनदा मनगटाला घासल्या आणि लाल रेघ उठली. काम झालं, शर्ट हँगरला लावून हॉलच्या खुंटीला टांगला. बाळ पाळण्यातच झोपलं होतं. त्याला उचलून आत न्यायचं म्हणजे हातची झोप घालवायची. जरा पाठ टेकते, म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मधलं दार उघडंच ठेवलं.

मध्यरात्र उलटली असेल. बाळ रडायला लागलं. उठायला हवं होतं. अंग उठेना. तेवढ्यात हॉलमध्ये पावलं वाजली. जड, सावकाश. खिडकीपर्यंत... मग वळून परत. रडणं हळूहळू बसलं. कुणीतरी घशातल्या घशात गुणगुणत होतं.

आला वाटतं लवकर, ती झोपेतच म्हणाली. बरं झालं. आणि कूस बदलली.

"त्या कूस बदलण्याबद्दल ती अजून स्वतःला माफ करत नाही," मामा म्हणाले.

भाची चालता चालता हळू झाली.

मग उशाशी फोन उजळला. कर्नलचा निरोप. बस बंद पडली आहे. उजाडल्यावर पोचेन.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

पावलं चालूच होती.

खिडकीपर्यंत... परत. खिडकीपर्यंत... परत.

मग ती खिडकीकडे गेली नाहीत. बाहेरच्या दाराकडे गेली. तिथे थांबली.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. पाय हलेनात. काहीच नाही.

दारापाशी गुणगुणणं...

मग पावलं वळली. पाळण्याची कडी करकरली. एकदा.

आणि सगळं शांत.

ती कशी उठली तिला आठवत नाही. दिवा लावला. बाहेरच्या दाराची कडी आतून जशीच्या तशी. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं. शर्ट खुंटीला. बाही बोडकी. तिन्ही फिती टेबलावर एकीवर एक ठेवलेल्या, शेजारी सोडवलेल्या दोऱ्याचा पुंजका. कापडाला ओरखडासुद्धा नाही.

उजाडेपर्यंत ती बाळाला छातीशी धरून बसली. कर्नल आला, मागोमाग तिघे मित्र. एवढं साधं काम सांगितलं होतं, तो कुरकुरला. ती म्हणाली, केलं होतं. तो म्हणाला, जागरणाने तुला भास होतात. ती बाळाला कुशीत घेऊन उभी होती. त्याचा गाल तिच्या दंडावर टेकला होता, फिती शिवतात नेमक्या त्याच जागी. तिने एकदा स्वतःच्या मनगटावरची लाल रेघ पाहिली.

"शिक्षा नव्हती हो ती," ती म्हणाली. "त्याच्या घरात तान्हं मूल असेल. त्यानेच आपल्या हाताने काढल्या असतील."

मित्र हसले. कर्नलने शर्ट खुंटीवरून काढला, आणि पाठ दाखवायला उलटा केला.

खांद्याच्या मागे पांढरा ओघळ होता, पार पाठीपर्यंत उतरलेला. आंबूस वासाचा. ज्यांनी बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढली आहे त्यांना ती जागा सांगावी लागत नाही. कर्नलने बोट लावलं. ओला होता.

मामा थांबले. येरझाऱ्याही थांबल्या होत्या.

"शर्टाचं काय केलं?" भाचीने विचारलं.

"आहे की. हॉलमध्येच, त्याच खुंटीला. कर्नल विकून टाकायचं म्हणत होता. तिने हलवू दिला नाही."

"भीती नाही वाटत तिला?"

"वाटते ना," मामा म्हणाले. "पण झोपही लागते माणसाला."

ते काठी शोधत उठले. दाराशी जाऊन थबकले.

"परवाच जाऊन बघून आलो. धुवायचा नाही, हा कायदा अजून आहे. खांद्यावर आता बरेच डाग झालेत."