पंपघरातली चाळीस मिनिटं

देवाला स्मरून सांगतो, यातला एक शब्दही पदरचा नाही.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माणूस आजही बाजारात, जिन्याखालच्या अंधाऱ्या दुकानात रेडिओ आणि मोबाइल दुरुस्त करत बसलेला दिसेल. सगळे त्याला खरखरदादा म्हणतात. दुकानात कायम कुठला ना कुठला रेडिओ खरखरत असतो, म्हणून.

वेळ रात्रीची नव्हती. रविवार होता, दुपारचे चार. धुकं मात्र असं उतरलं होतं की नदीवरचा पूल अर्धाच दिसत होता.

खरखरदादा मदत पथकात होता. पथक म्हणजे हौसेची माणसं. पूर आला, आग लागली, की हातातलं काम टाकून धावायचं. एकमेकांशी बोलायला हातातले वायरलेस सेट, तेही मोडके. त्या रविवारी नवे निवडायचे होते. स्वस्त हवे होते, पण ऐन वेळी दगा देणारे नकोत.

कारण एक माणूस गेला होता.

पथकातला सगळ्यात चांगला पोहणारा. सगळे त्याला 'मासा' म्हणायचे. मागच्या पुरात तो पुलाखालच्या पंपघरात शिरला, वॉचमन आत राहिलाय का बघायला. वॉचमन केव्हाच निघून गेला होता. पाण्याच्या दाबाने दार बंद झालं... आणि उघडलंच नाही.

सापडला तेव्हा सेट त्याच्या मुठीत होता. बॅटरी संपलेली.

"बॅटरीने घात केला," असं तेव्हा खरखरदादाच म्हणाला होता. त्यातला जाणकार तोच. त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार?

म्हणून या वेळी सगळ्यांना एकच हवं होतं. दांडगी बॅटरी.

"हा बघा गडी!" पथकाचे प्रमुख, म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर, जाडा सेट उंचावून म्हणाले. "दोन दिवस मरत नाही म्हणे. वेळ पडली तर चोराच्या डोक्यातही घालता येईल."

"तुमच्या पायावर पडला तर आधी तुम्हालाच उचलून न्यावं लागेल," बाई म्हणाल्या. बाई टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. पथकाच्या हॉलमधलं टेबल, वही आणि मुख्य सेट त्यांच्या ताब्यात.

दुसरा नमुना सडपातळ होता. बॅटरी बेताची. पण जाड्यात नव्हती अशी एक गोष्ट त्यात होती. बोलायचं बटण सलग मिनिटभर दाबलेलं राहिलं, की तो आपोआप गप्प व्हायचा.

"मिनिटात तोंड बंद?" मास्तर म्हणाले. "आमच्या हिला दाखवू नका हो. माझ्यासाठी घेऊन टाकेल."

सगळे हसले.

खरखरदादा हसला नाही.

कोपऱ्यात माशाची बायको बसली होती. ती शिवणकाम करायची. सेट कमरेला अडकवायच्या पिशव्या शिवायच्या होत्या, म्हणून मापं घ्यायला आली होती. खरखरदादा तिला वहिनी म्हणायचा.

"दादा, तुम्हाला कुठला बरा वाटतो?" वहिनींनी विचारलं.

"बघू..." त्याने नजर चुकवली. "आधी चाचणी तर होऊ दे."

बाई हॉलमध्येच थांबल्या. मास्तर सडपातळ सेट घेऊन पुलावर गेले. जाडा सेट घेऊन पंपघरात जायचं काम खरखरदादाकडे आलं. पुरानंतर त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

आत तेलाचा कुबट वास होता. गंजलेला पंप. भिंतीवर पाण्याची रेघ... त्याच्या डोक्याच्याही हातभर वर.

"दोन नंबर बोलतोय, पंपघरात पोचलो," तो म्हणाला.

"ऐकलं, दोन नंबर," बाईंचा आवाज आला.

त्याने बटण सोडलं... आणि नदीचा आवाज थांबला.

थांबलाच. दारातून बाहेर नदी वाहताना दिसत होती. आवाज नव्हता.

मग सेट खरखरला.

कापडावर कापड घासल्यासारखं काहीतरी...

मग लयीत... खर्र, टक. खर्र, टक.

गाडीचे वायपर!

बाहेर गाडी नव्हती. पाऊसही नव्हता.

"कोणाचं बटण दाबलं गेलंय? सोडा आधी!" तो ओरडला. 

मग सेटमधून कोणीतरी हसलं... मोठ्याने, पोट धरून.

त्याने सेट कानाशी नेला.

ते हसणं त्याचं स्वतःचं होतं.

पुराच्या दिवशी तो पुलावर, पथकाच्या गाडीत बसला होता. शेजारी ड्रायव्हर. बोट तयार होती, हाक आली की निघायचं. हाक येईना, म्हणून गप्पा रंगल्या. सेट कमरेला होता आणि त्यावरून सीटबेल्ट आवळलेला. बेल्टचं बकल नेमकं बटणावर बसलं होतं.

चाळीस मिनिटं.

एकाचं बटण दाबलेलं असलं की त्या चॅनलवर दुसऱ्या कोणाची हाक पोचत नाही. हॉल लांब. तिथे नुसती खरखर ऐकू गेली आणि सगळ्यांनी ती पावसावर ढकलली. पण पुलाखाली, पंपघरात, शब्दन् शब्द पोचत होता.

गाडीतून उतरताना सेट चटका बसावा इतका तापला होता. नुसता ऐकणारा सेट तापत नाही, बोलणारा तापतो. खरखरदादाला सगळं जागच्या जागी कळलं होतं.

आणि तरीही तो "बॅटरी" म्हणाला होता.

आता तो तेच ऐकत होता... माशाने शेवटी जे ऐकलं ते.

तेवढ्यात आणखी एक आवाज आला.

खट्... खट्... खट्...

अंगठ्याने बटण दाबावं तसा. पुन्हा पुन्हा. घाईघाईने.

सेटमधून नव्हे.

खोलीतून. अगदी मागून.

वळून बघायची त्याची छाती झाली नाही. "मीच होतो रे," तो कसंबसं म्हणाला. "माझंच बटण दाबलेलं होतं."

खट्खट् थांबलं.

नदी पुन्हा ऐकू येऊ लागली.

"दोन नंबर! अहो दोन नंबर!" बाई ओरडत होत्या. "बारा मिनिटं हाका मारतेय. झोप लागली का?"

"चॅनल अडला होता, बाई..."

"काही अडला नव्हता. मी आणि मास्तर मघापासून बोलतोय की!"

हॉलमध्ये परतला तेव्हा मास्तर खुशीत होते. "बॅटरी तसूभर उतरली नाही. ठरलं, हाच घ्यायचा."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. कोणाला कधी काही कळलं नसतं. पुढच्या पुरात पुन्हा कोणाचं तरी बटण दाबलं जाईपर्यंत...

"नाही, मास्तर," खरखरदादा म्हणाला. "हा घेतलात तर अजून एक जण जाईल."

आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं, पुराच्या दिवसाचंही आणि आत्ता या सेटमधून ऐकलेलंही.

मास्तर खाली बसले. बाईंनी वही मिटली. वहिनींनी हातातला टेप बोटाभोवती गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे हे हाका मारत होते."

"हो, वहिनी."

"आणि तुम्हाला त्या ऐकू येत नव्हत्या."

"आपलंच बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही."

"चाळीस मिनिटं काय बोलत होतात तुम्ही?"

"असंच... घरचं."

सडपातळ सेट ठरला.

निघताना वहिनींनी जाड्या सेटकडे बोट दाखवलं. "हा परत पाठवणारच ना? तोवर आठ दिवस माझ्याकडे राहू दे."

नाही कसं म्हणणार? पण त्यातून वहिनींना काय काय ऐकू येईल, याची त्याला धास्ती वाटली. "पुसून देतो," म्हणून तो सेट दुकानात घेऊन गेला. बॅटरी काढली. खणात टाकली. खणाला कुलूप लावलं. मग रिकाम्या सेटचं झाकण बसवून तो वहिनींना नेऊन दिला.

आठव्या दिवशी, भर दुपारी, वहिनी दुकानात आल्या. सेट काउंटरवर ठेवला.

"याचा लाल दिवा काही लागला नाही, दादा. पण ऐकू यायचं स्वच्छ."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "काय... ऐकू यायचं?"

"तुम्ही दोघंही. आधी हे तुम्हाला हाका मारायचे. खूप वेळ. मग हाका थांबायच्या आणि तुमचं बोलणं ऐकत बसायचे." वहिनी किंचित हसल्या. "सासऱ्यांचा रेडिओ उघडलात, परत जोडलात आणि एक स्क्रू उरला, होय ना? अजून विचारतात म्हणे ते, जावईबापू, आमचा स्क्रू कुठाय?"

त्याने काउंटर घट्ट धरला.

तो किस्सा त्याने गाडीत, त्या चाळीस मिनिटांत सांगितला होता. ऐकणारा ड्रायव्हर पुढच्याच महिन्यात दुसऱ्या देशात निघून गेला होता.

"तिथं हे हसले," वहिनी म्हणाल्या. "पाणी छातीला लागलं होतं, तरी हसले. म्हणाले, बरं झालं, सोबतीला हा तरी बोलतोय."

पदराने डोळे पुसून त्या निघून गेल्या.

खरखरदादाने सेटचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. खणाचं कुलूप तसंच होतं, आणि किल्ली त्याच्या खिशात.

माफी मिळाली म्हणावं, तर मन धजत नाही. वहिनींनी मायेपोटी रचलं म्हणावं, तर तो स्क्रू...

पथकात तो अजूनही आहे. नवा सेट कमरेला असला की चारचौघांत तोंड उघडत नाही.

पण पुलावरून एकटा गाडी नेताना तो काहीबाही बोलत राहतो. असंच. घरचं.

थांबलो तर खालून हाका सुरू होतील... अशी त्याला भीती वाटते.