काचेवरचा सरळ माणूस

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच सोडा, माझं काही म्हणणं नाही. पण वाचून झाल्यावर 'रात्रीचा भास असेल' असं कुणी म्हणू नका, कारण रात्र नव्हतीच.

भर दुपार होती.

एकोणीसशे बाराचा उन्हाळा. आजच्या जोयडा तालुक्यात, कुंभारवाडा गावाच्या पलीकडच्या रानात सागवान तोडायचं काम चाललं होतं. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ दत्तात्रय तेव्हा तिथं होते. पुढं ते आमचे दत्ताआजोबा झाले, पण त्या वेळी पंचविशीचा, कुणाच्या बापाचं न ऐकणारा गडी. म्हणून मी दत्तूच म्हणतो.

दत्तू खानापूरचा. घरचं कापडाचं दुकान सोडून फोटो काढायला शिकत होता. बेळगावात परशुराम मास्तरांचा स्टुडिओ होता, ते त्याचे गुरू. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, आणि स्टुडिओत मास्तर चाकूच्या टोकानं ती काच खरवडून गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे देवीचे व्रण घालवत. पण बाहेरच्या कामाला निघाले की दत्तूला बजावत, तिथं जे आहे ते घ्यायचं. काही घालायचं नाही, काही खरवडायचं नाही.

जंगलखात्याच्या साहेबाला दाखवायला कंत्राटदाराला लाकडांच्या राशींचे फोटो हवे होते. मास्तरांना पोचताच हिवताप भरला. ते झोपडीत कुडकुडत पडले आणि कॅमेरा दत्तूच्या हातात आला.

त्यानं मोठ्या राशीसमोर गडी ओळीनं उभे केले.

तेवढ्यात फुला आली.

फुला त्याच रानातली, कुणब्याची बाई. तिचा नवरा लखू करवत ओढायचा. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक गडी वर, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून करवत ओढायची, असं ते काम. लखू खालचा. शिमग्याच्या आधी तो एकाएकी दिसेनासा झाला. कंत्राटदार म्हणायचा, गोव्याला पळाला. त्याच्या आधी झिलू नावाचा गडीही असाच गोव्याला पळाला होता म्हणे...

लोक फुलाला विचारायचे, तू रांडमुंड की टाकलेली? कपाळावर कुंकू ठेवावं की पुसावं, तेच त्या बाईला कळेना. तिला फक्त एवढंच हवं होतं, नवरा कुठं आहे ते.

ती ओळीच्या टोकाला येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या डाव्या अंगाला बायको उभी राहते तशी. उजवीकडं एका माणसाची जागा मोकळी सोडून.

"त्यो पळालेला न्हाई," ती म्हणाली. "हितंच हाय. त्याच्या जागी कुणी उभं ऱ्हाऊ नका."

कंत्राटदार हसला. बाईला हाकल म्हणून दत्तूवर खेकसला. दत्तूला ते हसणं असं झोंबलं की त्यानं मुद्दाम कॅमेरा तिच्याकडं वळवला.

मग तो काळ्या कापडात शिरला.

त्या काळच्या कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसायचं. झाडं उलटी, माणसं उलटी, डोकी खाली, पाय वर. दत्तूला त्याची सवय होती.

सगळे उलटे उभे होते...

एक सोडून.

फुलाच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एक माणूस सरळ उभा होता. डोकं वर, पाय खाली.

दत्तूनं कापड भिरकावलं. समोर जागा रिकामी. पुन्हा कापडात डोकं घातलं.

होता.

त्याला दरदरून घाम फुटला. पण भ्याला म्हणून मागं सरेल तो दत्तू कसला! कुणी हलू नका म्हणून ओरडला, फोटोची काच बसवली आणि भिंगावरची टोपी काढली.

रान गप्प झालं. एक पाखरू बोलेना...

आणि आवाज आला. खर्र... खर्र... करवतीचा.

करवत ओढणारे सगळे तर समोर श्वास धरून उभे होते. आवाज राशीच्या खालून येत होता.

टोपी लावली आणि काच घेऊन तो झोपडीत घुसला. घोंगड्या टांगून केलेला काळोख, एक लाल कंदील. काच औषधात बुडवली तर ताटलीतलं औषध आपोआप थरथरत होतं. हळूहळू ओळ उमटली. गडी... फुला... आणि तिच्या शेजारी तो. गडी सरळ दिसतील अशी काच धरली की तो उलटा दिसत होता. डोकं खाली, पाय वर.

मास्तरांनी काच पाहिली. जुनी काच धुऊन वापरली असशील, आधीचं चित्र राहिलं असेल, म्हणाले. पण पेटी कोरी होती, त्याच दिवशी उघडलेली, आणि ते मास्तरांनाही ठाऊक होतं. मागोमाग आलेल्या कंत्राटदारानं काच बघितली आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तेवढा माणूस खरवडून टाका, म्हणाला. मास्तरांनी चाकू उचलला.

दत्तूनं काच मागं ओढली.

"मास्तर, तुम्हीच शिकवलासा. खरवडायचं न्हाई. मग आता का?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि चाकू ठेवून दिला. कंत्राटदार दारात आडवा आला, या रानातून जिता जाणार नाहीस म्हणाला. दत्तूनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं, बाहेर आला आणि ओली काच उन्हात फुलासमोर धरली.

फुला बघत राहिली.

"डोकं खाली हाय," ती म्हणाली. "खड्ड्यात हाय त्यो."

लखूचा करवतीचा खड्डा नेमका त्या राशीच्या जागी होता. तो गेल्यावर कंत्राटदारानं बाहेरचे गडी आणून घाईघाईनं बुजवला होता आणि वर लाकडं रचली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायची छाती कुणाची नव्हती.

फुलानं पहार उचलली. कंत्राटदार शिव्या देत राहिला आणि ओळीतला एकेक गडी तिच्या मागं गेला.

रास हटवून खणलं तेव्हा लखू सापडला. ओंडका अंगावर घसरून खड्ड्यात उलटा दबलेला; चौकशी टळावी म्हणून कंत्राटदारानं तसाच बुजवलेला. डोकं खाली, पाय वर, तसाच. कमरेच्या करदोड्यावरून फुलानं ओळखला. धाय मोकलून रडली. मग कंत्राटदारापुढं जाऊन उभी राहिली.

"आता म्हण, पळाला म्हणून."

कंत्राटदार पाऊलभर मागं सरला.

आता तरी तो आवाज थांबायला हवा होता ना?

थांबला नाही.

खर्र... खर्र...

उघड्या खड्ड्याचा फोटो घ्यायला दत्तू पुन्हा कापडात शिरला. लखू आता काचेवर नव्हता. पण मागं, दुसऱ्या राशीपाशी, उलट्या झाडांमध्ये... कुणीतरी सरळ उभं होतं.

झिलू तिथं करवत ओढायचा.

दत्तू बाहेर आला. फुला त्याच्याकडंच बघत होती. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले.

"कुठं, अण्णा?"

त्यानं बोट दाखवलं.

फुलानं डोळे पुसले आणि पुन्हा पहार उचलली.

पहिली काच आमच्या घरी आहे, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. मी ती एकदाच पाहिली, पुन्हा धीर झाला नाही. तो माणूस त्यावर कसा आला, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. मी अजूनही मोबाईलवर काढलेला प्रत्येक फोटो एकदा उलटा करून बघतो. बायको हसते, हसू दे.

अजून कुणी सरळ दिसलेलं नाही. दिसलं तर पुसायचं नाही, खणायचं, असं दत्ताआजोबा सांगून गेलेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण आमच्या दाराआड पहार कायम असते.