कोनाड्यातला नान

ही गोष्ट खोटी ठरली, तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

माझं नाव तोलीबाय. गाव बोस्तान, किझिलकूम वाळवंटाच्या काठावर. वीस वर्षं जीप चालवतोय. जुन्या गढ्या बघायला येणाऱ्यांना नेतो-आणतो. वाटेत भुताखेतांच्या गोष्टी मीच तिखटमीठ लावून सांगायचो. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणणारे गावात पुष्कळ भेटतील.

पण ही गोष्ट मी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेली नाही.

गेल्या वर्षी, सतरा जुलै.

भर दुपार.

हो, दुपारच. चिल्ला चालू होता, म्हणजे आमच्याकडचे उन्हाळ्याचे सगळ्यात वाईट चाळीस दिवस. जीपमध्ये होते मी आणि डॉक्टर हुरलिमान आपा. साठी उलटलेली, तीस वर्षं फौजेच्या इस्पितळात चिरफाड केलेली बाई. निवृत्त झाल्यावर घरी बसून नातवंडं सांभाळायची, तर ही जुन्या लढायांमधले दवाखाने शोधत वाळवंट पालथं घालत होती. जखमी कुठे ठेवत, काय औषध देत, किती जण वाचत... सगळं वहीत लिहायची.

त्या दिवशी आमचं दोनदा टायर बसलं. सकाळी पोहोचायचे ते साडेबारा वाजले.

"आपा, परत फिरू," मी म्हटलं. "चिल्ल्यात बारा वाजता कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही."

"मग तू कुत्र्यापेक्षा शहाणा आहेस का ते बघू. चल."

अशी बाई! काय बोलणार?

ती जागा म्हणजे मातीची एक जुनी पडकी गढी. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईत तिथे फौजेचा दवाखाना होता. आपांना कुठल्याशा जुन्या कपाटात त्या दवाखान्याचं रजिस्टर सापडलं होतं. त्यातलं एक पान त्यांनी मला वाटेत वाचून दाखवलं.

"'टायफसची साथ. सगळे रोगी इथल्याच गावांमधले, नुकते भरती झालेले. आया रोज येतात, भिंतीतल्या कोनाड्यात नान ठेवून जातात. बायकांना आत सोडू नये, असा हुकूम आहे.'"

मी विचारलं, "पुढे?"

"पुढे पलटण निघून गेली. चालता येणाऱ्यांना घेऊन गेली."

"आणि बाकीचे?"

आपांनी वही मिटली. "बाकीच्यांबद्दल काही लिहिलेलं नाही."

त्या आयांनी नान का नेला, ते मला सांगायला नको होतं. आमच्याकडे पोरगा फौजेत निघाला की उंबऱ्यात नानचा एक घास तोडतो. उरलेला नान आई भिंतीवर टांगते. परत येऊन तो त्यानेच संपवायचा. दुसऱ्या कुणी त्याला दात लावायचा नाही. अर्धा नान वाट बघतोय म्हटल्यावर माणूस येतोच, असं आमचे लोक मानतात. त्या बायकांना पोरांपर्यंत जाता येईना, म्हणून त्यांनी नान पोरांच्या जितक्या जवळ नेता येईल तितका नेला.

माझ्याही घरात तसा एक नान टांगलेला होता. आमचा एकुलता एक पालुआन, वय एकोणीस. सरहद्दीवरच्या ठाण्यावर. नोव्हेंबरात सुटणार होता.

गढीपाशी उतरलो.

पहिली गोष्ट खटकली ती जमिनीवर. वाळवंटात जिथे हातभर सावली असते, तिथे मेंढ्यांच्या लेंड्या असतातच. मेंढपाळ दुपारी तिथेच पडतात. इथे तर भिंतीची चांगली मोठी सावली होती...

एकही लेंडी नव्हती.

माशी नव्हती. सरडा नव्हता.

आपा फीत घेऊन भिंत मोजायला लागल्या. बाहेरच्या अंगाला ओळीने कोनाडे होते. बहुतेक ढासळलेले. एका कोनाड्यात कापडाच्या चिंध्या होत्या, आणि चिंध्यांमध्ये... एक नान.

दगडासारखा कडक, काळपट. एका बाजूला घास तोडलेला.

"शंभर वर्षं?" मी म्हटलं.

"कोरड्या हवेत माणसं टिकतात, नानचं काय घेऊन बसलास."

तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं.

आपांनी मान वर केली. "तू खोकलास?"

"मला वाटलं, तुम्ही."

मी आत डोकावलो. छप्पर नाही, दार नाही, नुसती वाळू. त्यावर पायाचा एकही ठसा नाही.

पुन्हा खोकला आला... ह्या वेळी दोघांचा.

"आपा, निघू."

"एक मिनिट. एवढा कोनाडा मोजते." मोजायचं सोडेना ती बाई. घाईघाईत फीत ओढली, फितीत चिंधी अडकली, आणि नान खाली पडला. त्याचे दोन तुकडे झाले.

आता मी काय केलं ते ऐका. त्यासाठी आजही स्वतःचं तोंड फोडून घ्यावं असं मला वाटतं.

जमिनीवर पडलेला नान आमच्याच्याने बघवत नाही. तो उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा, उंच जागी ठेवायचा. आणि सांडलेला चुरा पायाखाली येऊ द्यायचा नाही, तोंडात टाकायचा. हे मला आईने चालायला लागलो तेव्हा शिकवलंय. हात विचारत बसत नाही.

मी तुकडे उचलले. ओठांना लावले, कपाळाला लावले. कोनाड्यात ठेवले. चुरा बोटाने टिपला...

आणि तोंडात टाकला.

"तोलीबाय!" आपा ओरडल्या.

तोपर्यंत गिळून झाला होता.

आतला खोकला थांबला. आणि माझ्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी सुस्कारा सोडला. खूप वेळ ओझं वाहून ते खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

मी घड्याळ बघितलं. का बघितलं, माहीत नाही. एक वाजून दहा मिनिटं.

जीपकडे आम्ही पळतच आलो. माझ्या जीपचं मागचं दार सैल आहे, वाटभर खडखडतं. मागच्या बाकावर कुणी बसलं तरच थांबतं.

आम्ही दोघं पुढे बसलो होतो.

दार हमरस्त्यापर्यंत एकदाही वाजलं नाही.

हमरस्त्यावर फोनला रेंज आली. माझ्या बायकोचे, बीबीनाजचे, चौदा फोन येऊन गेले होते. मी लावला तर ती रडत होती आणि हसतही होती.

"पालुआन... कवायतीत उन्हाने पडला. इस्पितळात नेला. त्यांनी आधी सांगितलं, गेला म्हणून! मग परत फोन आला... उठून बसलाय! माझं बाळ उठून बसलंय!"

आपांचा एक विद्यार्थी त्याच इस्पितळात होता. त्यांनी त्याला फोन लावला. नुसतं "हं... हं..." करत ऐकलं. मग विचारलं, "किती वाजता?"

फोन ठेवून त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"नऊ मिनिटं पोराचं काळीज बंद होतं. त्यांनी हात टेकले होते. एक दहाला आपोआप सुरू झालं." मग म्हणाल्या, "तू तो चुरा थुंकला का नाहीस रे?"

"पोरगा वाचला ना आपा! आता कसला चुरा?"

त्या बोस्तानला उतरून गेल्या. पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. मी मात्र त्या दिवशी गावभर कलिंगडं वाटली.

नोव्हेंबरात पालुआन घरी आला.

तोच चेहरा. हनुवटीवर तोच लहानपणीचा व्रण. मी त्याला मिठी मारून ढसाढसा रडलो. सगळी गल्ली गोळा झाली. पलावाची कढई चढली. बीबीनाजने भिंतीवरचा नान काढला, त्याची कड चहात बुडवून मऊ केली आणि त्याच्यापुढे धरला.

तो नानकडे बघत राहिला.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

शेजारचा जुमामुरात खदखदला. "फौजेत काय रोज मेंढी कापत होते? आईचा नान नको झाला व्हय रे साहेबाला!"

सगळे हसले.

पोरगा हसला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "माझा ह्यांनी खाल्ला. म्हणून तर मला सोडलं."

लोकांना ती थट्टाच वाटली. मी मात्र चहाची वाटी खाली ठेवून बाहेर गेलो.

पुढचे दिवस मी नुसता बघत होतो. आमचा पालुआन आळशी, तोंडाळ, चोवीस तास फोनमध्ये डोकं घातलेला. हा फोनला हात लावत नव्हता. पहाटे उठून गाय चरायला बांधायचा, सरपण फोडायचा. पाणी प्यायच्या आधी दर वेळी विचारायचा, "पिऊ का?" आणि दुपारी एकच्या सुमारास उंबऱ्यात येऊन वाळवंटाकडे तोंड करून बसायचा.

शेवटी मला राहवेना. बीबीनाज अंगणात तंदूरपाशी नान थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. गढी, चुरा, सुस्कारा, सगळं.

तिने हात थांबवला नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "पालुआनने जन्मात कधी चपला सरळ लावल्यात?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्याची आई रोज भिंतीपाशी यायची म्हणतोस, तिला कुणी आत घेतलं नाही. आता मीही त्याला दारातून हाकलू?"

"आणि आपला कुठाय?"

उत्तर मागून आलं.

तो सरपणाची मोळी घेऊन उभा होता. कधीपासून ऐकत होता कोण जाणे.

"माझ्या खाटेवर आहे," तो म्हणाला. "रडत नाही. पाणी मागतो फक्त."

बीबीनाजने हंबरडा फोडला. असा आवाज तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी त्याची गचांडी धरली. "त्याला कसं सोडवायचं? बोल!"

तो घाबरला. अहो, पोरच ते, एकोणीस-वीस वर्षांचं. म्हणाला, "त्याचा नान तिथे नेऊन मोडा, घास खा. सुटेल तो. पण कुणाचं तरी काळीज थांबेल, तिथेच त्याला जागा मिळेल. कुठल्या घरात, ते तुमच्या हातात नाही. आणि त्या घरचा पोरगा मग खाटेवर..."

बीबीनाजने आत जाऊन भिंतीवर परत टांगलेला पालुआनचा नान काढला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गढीवर गेलो. सोबत तो नान, आणि झाकणाच्या डब्यात पाणी. ती धावतच दाराकडे निघाली, आणि उंबऱ्यापाशी एकदम उभी राहिली.

आतून एक कडक, दमलेला आवाज आला...

"बायकांना आत यायला मनाई आहे."

मी तिला मागे सारून आत घुसलो. नुसती वाळू. कुणी नाही. "पालुआन! पालुआन!" करून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बाहेर आलो तर ती भिंतीला कान लावून उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"खोकतोय," ती म्हणाली.

तिने नान कोनाड्यात ठेवला. त्याच्याखाली पाण्याचा डबा ठेवला. मोडू म्हटलं तर म्हणाली, "दुसऱ्या कुणा आईच्या अंगणात हे दुखणं टाकायचं? माझ्याच्याने नाही व्हायचं."

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी आम्ही जातो. ती भिंतीशी बसते, गल्लीतल्या गोष्टी सांगते, आत कुणी ऐकत असल्यासारखी. मी जीपपाशी उभा राहतो. खरं सांगतो, मी तिच्याइतका चांगला नाही. तिची पाठ वळली की माझा हात कोनाड्याकडे जातो. दोनदा नान हातात घेतलाय. एक दिवस मोडेन, हे मला ठाऊक आहे. म्हणून पेपरात कुठे पोरगा मरता मरता वाचल्याची बातमी आली की मी दुसऱ्या पानावर जातो.

घरी तो असतो. बीबीनाज त्याला जेवायला वाढते, त्याच्यासाठी स्वेटर विणते. तिने मला ताकीद दिली आहे, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही.

गेल्या शुक्रवारीही डबा रिकामा होता. दर वेळी असतो, कडाक्याच्या थंडीतही. मी जुमामुरातला गढीचं काही न सांगता नुसतं डब्याचं विचारलं.

"कोल्हे उलटवत असतील," तो म्हणाला. "एवढं काय त्यात?"

मी मान हलवली. डब्याचं झाकण आम्ही लावतो तसंच घट्ट असतं, हे त्याला सांगितलं नाही.