चार वाजता पडणारा आकडा

हे खरं आहे. मीटरचे आकडे अजून माझ्या वहीत आहेत.

बारांकिया शहर. मार्चमधला मंगळवार. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजत आले होते.

मी घरोघरी जाऊन वाय-फाय दुरुस्त करतो.

या घरी भेट पाचवी.

"एवढ्या वेळा तर माझा जावईसुद्धा येत नाही," दार उघडत डोन्या ओलिंदा म्हणाल्या.

तक्रार तीच. रोज चार ते सव्वापाच नेट तुटायचं. त्यांची धाकटी, नायिबे, आतल्या खोलीत बसून परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. आज तुटलं तर नोकरी जाणार होती.

राउटर बदलून झाला होता. वायर बदलून झाली होती. मीही बदलून मिळालो असतो तर बरं झालं असतं, इतका दमलो होतो.

राउटर आणि खोली यांच्यामधे एक झुलती खुर्ची. रिकामी.

मी खोलीच्या दारात सिग्नलचा मीटर धरला. ३:५८. नव्वद टक्के.

३:५९. नव्वद.

४:००...

एकसष्ट.

हा आकडा माझ्या ओळखीचा. मधे माणूस येऊन बसला की सिग्नल एवढाच पडतो.

मी खुर्ची खिडकीकडे ओढली. नव्वद.

मिनिटभर.

मग... एकसष्ट.

खुर्ची खिडकीशीच होती. मधली जागा मोकळी.

"हे बसतात तिथे," डोन्या ओलिंदा म्हणाल्या. "दुपारची झोप झाली की."

त्यांचे यजमान जानेवारीत वारले होते.

कोपऱ्यात पाण्याचा ग्लास. गेलेल्याला तहान लागते म्हणून नऊ दिवस ठेवतात, नवव्या रात्री ओतून टाकतात. यांनी ओतला नव्हता. दोन महिने रोज भरत होत्या.

नायिबे बाहेर आली. हेडफोन गळ्यात. तिने ग्लास उचलला आणि अंगणात रिकामा केला.

"पापा, उठा आता. माझी नोकरी जाईल."

खिडकीशी खुर्ची एकदाच झुलली, जाता जाता कुणाचा धक्का लागावा तशी...

नव्वद.

डोन्या ओलिंदांनी माझ्या कागदावर सही केली. वर पाहिलं नाही.

आठ दिवसांनी त्यांच्या नावावर सहावी तक्रार आली. मी फोन करून विचारलं, नेट पुन्हा तुटतंय का?

"नाही रे बाळा. दिवसभर चालतं. चार वाजतासुद्धा."

मग त्यांनीच हळूच विचारलं,

"आधीसारखं करून देशील?"

तक्रार अजून उघडी आहे. ती कशी मिटवायची, मला माहीत नाही.